कौलं उतरवताना खालचं घर आणि शेजार कसा सांभाळायचा? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

पन्हळीखालचा | 3 मार्च, रात्री 10:40

राम राम मंडळी.

शिवाजी पेठेत आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. दगडी जोतं, मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, वर सागवानी वासे आणि मंगलोरी कौलं. गेले चार पावसाळे माळ्यावर बादल्या मांडून काढले, यंदा छप्पर बदलायचंच. वासे बरेचसे खणखणीत आहेत, पण रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर कौलं बसतात) गेल्यात आणि एका कोपऱ्यात वाळवी लागलीय.

वर काय घालायचं यावरून घरात दोन तट आहेत (आई कौलांकडून, मी आणि धाकटा पत्र्याकडून). तो वाद इथं नको. माझा प्रश्न वेगळा आहे. तीन मिस्त्री बघून गेले. नव्या छपराचा भाव तिघांनीही फुटावर सांगितला. पण जुनं उतरवताना खालच्या घराचं काय, असं विचारलं की तिघंही म्हणतात, "त्यात काय एवढं, दोन दिवसाचं काम."

आई 74 वर्षांची, तिला दम्याचा त्रास, आणि घर सोडून कुठं जायला तयार नाही. एका बाजूला शेजाऱ्यांशी सामाईक भिंत, त्यांची मुलगी यंदा दहावीला. दुसऱ्या बाजूला सात फुटी बोळ, त्यात सगळ्या गल्लीच्या गाड्या. परसात आड आणि चाफा. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा.

---

गंगावेशकर | 3 मार्च, रात्री 11:15

भावा, ताडपत्री नंतर, पहिलं कालनिर्णय काढ. पोरीचा शेवटचा पेपर झाल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि चैत्र पौर्णिमेच्या आठवड्यात छप्पर उघडं ठेवायचं नाही. निम्मे बिगारी गुलाल खेळायला जोतिबाला जाणार, उरलेले दुसऱ्या दिवशी अंबाबाईच्या रथाला. आमच्या दाजींचं घर ऐन यात्रेत दोन दिवस आभाळाला उघडं होतं. ताईनं देवघरावर छत्री बांधली होती. आज हसायला येतंय, तवा कोण हसत नव्हतं.

म्हणजे पाडवा ते पौर्णिमा, चौदा-पंधरा दिवस तुझ्या हातात. त्यानंतर वळवाचा भरवसा नाही. दुपारी डोकं तापतंय आणि चारला बोळातनं पाणी वाहतंय.

---

उद्यमनगरी | 4 मार्च, सकाळी 7:50

मी फॅब्रिकेशनवाला. गेली 20 वर्षं पत्र्याची छपरं घालतोय, त्यामुळं शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

"दोन दिवसाचं काम" म्हणणारा मिस्त्री खोटं बोलत नाही, तो त्याच्या कामाचे दिवस सांगतो. तुमचं नुकसान होतं ते जुनं निघाल्यापासून नवं बसेपर्यंतच्या वेळात, आणि त्या वेळाचा धनी कोण हे कुणीच ठरवत नाही. म्हणून भाव ठरवतानाच बोला: संध्याकाळी सहापर्यंत झाकता येईल तेवढंच सकाळी उघडायचं. एक खण (छपराचा एक पट्टा) उघडा, रिपा मारा, झाका, मग पुढचा. मिस्त्री कुरकुरणार, कारण एकदम सगळं उतरवलं की त्याची मजुरी वाचते. दोन दिवसाचे पाच होतील. त्याचे पैसे वेगळे द्या, पण कबूल करून घ्या.

ताडपत्री 200-250 जीएसएमची (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाची) घ्या, लग्नाच्या मांडवावरची पातळ नको. ती आढ्यावरनं (छपराच्या माथ्यावरनं) पलीकडच्या पाख्यावर (उतारावर) हातभर गेली पाहिजे आणि खाली वळचणीच्या बाहेर लोंबली पाहिजे. आढ्यापाशीच संपली तर पाणी बरोबर तिथनंच आत येतं. मध्ये पोट पडू देऊ नका. पोटात पाणी साठलं की वजनानं सगळंच खाली. कडेला विटा ठेवून भागत नाही, वाऱ्यानं वीट खाली आली तर कुणाच्या तरी डोक्यात. पट्टी मारा, नाहीतर दोर बांधून खाली वाळूची पोती लोंबकळत ठेवा.

पोलवरनं घरात येणारी वायर बहुतेक जुन्या घरांत वळचणीलाच टेकलेली असते. ओल्या कौलावर उभा राहून पत्रा उचलणारा माणूस आणि ती वायर, एवढंच सांगतो. आधी महावितरणला कळवून बंदोबस्त करून घ्या. वाशांवरनं गेलेली आतली वायरिंग, पंख्यांचे हूक हेही आधीच सोडवा.

---

राजारामपुरीची आत्या | 4 मार्च, दुपारी 2:20

मी शेजारणीच्या बाजूनं लिहिते, कारण ती बाजू कोणी लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घराचं छप्पर बदललं. ठेकेदाराचं नाव घेत नाही. एक, कौलं वरून फेकली. आमच्या भिंतीच्या कडेला माझी कर्दळ आणि अबोली होती, ती संपली. दोन, ग्राइंडरनं पत्रे तिथंच वर उभं राहून कापले. त्या ठिणग्या आमच्या खिडकीच्या काचेवर उडाल्या. पुसायला गेले तर निघेनात. त्या तापलेल्या कणांनी काच खाल्लेली असते, घासून काही होत नाही. ह्यांच्या गाडीच्या पुढच्या काचेचं तेच. तीन, खिळे. महिनाभर आमच्या गल्लीतला पंक्चरवाला आम्हाला ओळखून हसायचा.

आणि चौथी गोष्ट जून महिन्यात कळली. जुन्या कौलांच्या पागोळ्या त्यांच्याच अंगणात पडायच्या. नवा पत्रा हातभर बाहेर काढला आणि पन्हळ लावलीच नाही. आता सगळं पाणी आमच्या भिंतीच्या पायात. बोलायला गेले तर "तुमच्याच भिंतीला ओल होती" म्हणाले.

तेव्हा पन्हळीखालचे, काम सुरू व्हायच्या आधी शेजाऱ्यांना चहाला बोलवा आणि त्यांच्यासमोर त्यांच्या भिंतीचे, काचांचे, फरशीचे फोटो काढा. राग येणार नाही, उलट बरं वाटेल. जी भेग आधीपासून होती ती आधीपासून होती, हे दोघांनाही माहीत असतं.

---

उद्यमनगरी | 4 मार्च, दुपारी 3:05

आत्या, ठिणग्यांचं शंभर टक्के खरं. पत्रे मापानं कारखान्यातनंच कापून आणायचे. वर उरलीसुरली कापाकापी कात्रीनं. ग्राइंडर चालवला की लोखंडाचा चुरा नव्या पत्र्यावरही पडतो आणि पहिल्याच पावसात तांबडे डाग. मग गिऱ्हाईक म्हणतंय पत्रा हलका दिलास.

वेल्डिंग करायचंच असेल तर जमिनीवर करून वर चढवा. जुन्या घराच्या वाशांवर वर्षानुवर्षांची काजळी, जळमटं, चिमण्यांच्या काड्या असतात. ठिणगी आत गेली की लगेच दिसत नाही, मिस्त्री घरी गेल्यावर धुमसते. शेवटच्या वेल्डनंतर अर्धा तास तरी एक माणूस आणि दोन बादल्या पाणी तिथंच.

---

डोंबिवलीत अडकलेली | 4 मार्च, रात्री 9:30

माहेर कसबा बावड्यात. आमच्याकडे कौलं नव्हती, मागच्या पडवीवर सिमेंटचा पत्रा होता. दादानं सांगेपर्यंत त्यात अॅस्बेस्टॉस असतं हे डोक्यातच आलं नाही. धाग्यावर कुणाकडे तो असेल म्हणून लिहिते.

पत्रा शाबूत असेपर्यंत त्याचा फारसा त्रास नाही. फोडला, कापला, घासला की त्याचे तंतू हवेत जातात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात बसतात. अॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगाला कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजार दिसायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून मिस्त्री सांगतात, "आम्ही आयुष्यभर फोडतोय, काय झालं?"

आम्ही पत्रे आधी साबणाच्या पाण्यानं भिजवले, गंजलेले हूक कटरनं तोडले आणि पत्रा अख्खा उतरवला. पी-100 फिल्टरचा मास्क, नुसता रुमाल नाही, साधा एन-95 ही यासाठी पुरत नाही. खाली कोरडा झाडू अजिबात नाही, ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं टाकून दिलं. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधले. आणि त्या पत्र्यावर कुणाला चालू देऊ नका. वरून भक्कम दिसतो आणि पायाखाली बिस्किटासारखा मोडतो. फळी टाकून तिच्यावरूनच.

दम्याच्या आईबद्दल: ती घर सोडणार नाही म्हणते ना? मग सगळं घर राखायचा प्रयत्न करू नकोस. जिथलं छप्पर सगळ्यात शेवटी उघडणार अशी एक खोली निवड. दाराच्या फटीला ओला टॉवेल, आत औषधं, पाणी, तिची पोथी. पहिल्या दिवशी मात्र तिला दिवसभर कुठंतरी ने. पहिल्या दिवसाची धूळ म्हणजे तीन पिढ्यांच्या चुलीचा धूर असतो.

---

सुतारपक्षी | 5 मार्च, सकाळी 11:00

आमचा घरचाच सुतारकीचा धंदा, आता मुलं कॉम्प्युटरवर. सगळे धुळीबद्दल बोलताहेत, मला भिंतीची काळजी वाटते.

मातीत रचलेली भिंत वरच्या वजनावर आणि वाशा-तुळयांच्या बांधणीवर उभी असते. छपराचं क्षेत्र किती ते सांगितलं नाहीत, अंदाजे 600 चौरस फूट धरतो. मंगलोरी कौल चौरस मीटरला 15 च्या आसपास लागतात, म्हणजे साडेआठशे कौलं. एकाचं वजन अडीच किलो धरलं तरी दोन टनांच्या वर. एका पाख्यावरची सगळी उतरवून दुसरीकडची तशीच ठेवली तर कैचीवर (छपराच्या त्रिकोणी सांगाड्यावर) एकांगी भार येतो. म्हणून आढ्यापासून खाली, दोन्ही पाख्यांवर बरोबरीनं उतरवत यायचं. तुळईला तर मध्ये हातच लावू नका. बदलायचीच असेल तर आधी खालून टेकू.

उतरवलेली कौलं भिंतीला टेकवून रचू नका, माळ्यावर तर नकोच. दोन टन एका कोपऱ्यात गेले तर माळा खाली येईल. परसात, ड्रेनेजचं झाकण सोडून, उभी कडेवर रचा. आडवी एकावर एक रचली की खालची फुटतात.

आणि भिंतीचा माथा. छप्पर निघालं की तो पहिल्यांदाच आभाळ बघतो. मातीचा सांधा पावसात साखरेसारखा विरघळतो. रोज संध्याकाळी माथ्यावर प्लास्टिक आणि वर विटा, मग छप्पर झाकलेलं असो वा नसो.

पत्र्याच्या बाजूच्यांना एक गोष्ट. दोन टनांच्या जागी तुमचा पत्रा अडीचशे किलोच्या आसपास भरेल. कौल स्वतःच्या वजनावर बसतं, वारा फटीतून निघून जातो. पत्र्याला वारा खालून उचलतो. वासे भिंतीला नीट बांधलेले नसतील तर पहिल्या वादळात अख्खं छप्पर शेजारच्या गच्चीवर. मग आत्या इथं दुसरा धागा काढतील.

---

राजारामपुरीची आत्या | 5 मार्च, सकाळी 11:20

काढीनच.

---

पन्हळीखालचा | 5 मार्च, रात्री 10:10

सगळ्यांचे आभार. क्षेत्र 620 फूट, सुतारपक्षी यांचा अंदाज बरोबर. आईला वजनाचं वाचून दाखवलं, ती दिवसभर खूश आहे.

एक शंका. मोठं सामान (सागवानी कपाट, पलंग, आजोबांची पुस्तकांची पेटी) बाहेर काढायला जागाच नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू का? आणि कुणीतरी सुचवलं की वाशांच्या खालून आतूनच ताडपत्रीची झोळी बांधायची.

---

उद्यमनगरी | 6 मार्च, सकाळी 8:00

झोळीचा उपयोग नाही. आमची माणसं त्यात अडकतात.

---

डोंबिवलीत अडकलेली | 6 मार्च, सकाळी 9:15

उपयोग आहे. तुमच्या माणसांना नसेल, घरच्यांना आहे. कौलाचे तुकडे, माती, विंचू, सगळं तिच्यात पडतं. फक्त रोज संध्याकाळी रिकामी करायची, नाहीतर तीच खाली येते.

सामानाला प्लास्टिक थेट नको. मार्च-एप्रिलच्या उन्हात आत घाम धरतो आणि लाकडाच्या पॉलिशवर पांढरे चट्टे येतात. आधी जुनी सुती साडी किंवा चादर, वरून प्लास्टिक, खालची कड थोडी मोकळी.

---

सुतारपक्षी | 6 मार्च, सकाळी 10:40

विंचवाचं हसण्यावारी नेऊ नका. उन्हात तापलेल्या कौलांखाली तोच राहतो. हातमोजे घातल्याशिवाय कौलाखाली हात नाही. वळचणीला मधमाश्या आहेत का तेही आधी दोन दिवस बघून ठेवा. परांचीवर उभ्या माणसाला पळायला जागा नसते. त्याच्या कमरेला दोर बांधलाय का, हेही रोज सकाळी तुम्हीच बघा. घरमालक बघतोय म्हटलं की बांधतात.

आडावर फळ्या आणि वरून जाळी टाका. पाण्यात कौल पडलं तर काढता येईल, पण खिळे आणि काजळी गेली की आड उपसायला लागतो.

---

गंगावेशकर | 6 मार्च, रात्री 8:30

खिळ्यांना माझा उपाय. जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला बांध आणि रोज संध्याकाळी बोळातनं फिरव. पोरांना दे, त्यांना खेळ. खिळ्यामागं एक चॉकलेट.

---

पन्हळीखालचा | 24 मार्च, रात्री 11:50

पाडव्याला आईनं गुडी उभारली, पेपर संपलेच होते, आणि 21 ला सुरुवात केली. आज चौथा दिवस. थोडक्यात सांगणार होतो, पण आजचं थोडक्यात सांगण्यासारखं नाही.

पहिला दिवस: आईला मावशीकडं सोडलं. तालमीतली पंधरा-सोळा पोरं आली. वरपासून परसापर्यंत रांग धरून हातोहात कौलं उतरवली, एकही फेकलं नाही. माळ्यावर जे निघालं ते बघून डोंबिवलीच्या ताई आठवल्या. काजळीचे थर, त्यात माझ्या वडिलांची लहानपणीची विटी. विंचू दोन निघाले, दोन्ही झोळीत.

मिस्त्रीशी खणाखणानं उघडायचं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ऊन कडक आहे, एकदम तीन खण घेऊया, वेळ वाचंल." मी ऑफिसात होतो, फोनवर हो म्हणालो. माझी चूक.

आज साडेतीनला पन्हाळ्याच्या बाजूनं काळं आलं. चार वाजता वळीव. दोन खण झाकलेले होते, तिसरा उघडा. मिस्त्री आणि धाकट्यानं ताडपत्री ओढली, पण ती आढ्याच्या पलीकडं पोचेना. उद्यमनगरी, तुमचं वाक्य मला तिथं वाशावर उभं राहून आठवलं. पाणी बरोबर तिथनंच आत आलं. वीस मिनिटं. झोळीत इतकं साठलं की मधोमध भोक पाडून खाली टब लावला. कपाट वाचलं. पुस्तकांच्या पेटीच्या खालच्या बाजूनं पाणी गेलं, कारण मी वरून झाकलं होतं आणि पेटी जमिनीवरच होती. खाली दोन विटा ठेवायला काय झालं होतं?

भिंतीचा माथा झाकलेला होता. सामाईक भिंतीला काही नाही. शेजारचे काका छत्री घेऊन आले आणि आमच्या आईला त्यांच्या घरी घेऊन गेले. ती तिथं भजी खाऊन आली.

---

सुतारपक्षी | 25 मार्च, सकाळी 6:45

पुस्तकं उन्हात टाकू नका, पानं वाकतात. सावलीत पंख्याखाली उभी, पानं थोडी फाकवून. फार ओल्या पानांच्या मध्ये कोरा कागद घाला, वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

वासे भिजले असतील तर दोन दिवस वाळू द्या, लगेच रंग-तेल लावू नका.

---

उद्यमनगरी | 25 मार्च, सकाळी 8:20

झोळीबद्दल शब्द मागं घेतो.

---

पन्हळीखालचा | 2 एप्रिल, रात्री 9:00

झालं. आज चैत्र पौर्णिमा, बिगारी सगळे जोतिबाला, आणि आमचं छप्पर परवाच बंद झालंय. गंगावेशकर, तुझं कालनिर्णय पावलं.

शेवटी रस्त्याकडच्या पाख्यावर कौलंच बसवली. जुन्यांतली 610 चांगली निघाली, तेवढ्यात भागलं. परसाकडच्या पाख्यावर पत्रा. वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधून घेतले. शेजाऱ्यांच्या बाजूला पन्हळ आणि तिचा पाइप आमच्याच परसात सोडलाय. काल काकांना बोलावून वरून दोन बादल्या ओतून दाखवल्या. एक थेंब पलीकडं गेला नाही. आत्या, हे तुमच्यासाठी.

राडारोडा: मिस्त्री म्हणाला, "रात्री टेम्पो भरून नदीकडं टाकून येतो." नाही म्हणालो. बांधकामाचा कचरा वेगळा साठवणं आणि रस्त्यावर, नाल्यात न टाकणं ही जबाबदारी 2016 च्या नियमांतही ज्याच्या घरचा कचरा त्याचीच होती. शिवाय 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या माणसानं नदीच्या काठावर भर टाकायची? फुटकी कौलं ओळखीच्या एकाच्या शेतातल्या वाटेवर गेली, पावसात त्याला चिखल कमी होईल. कुजक्या रिपा वखारवाल्यानं घेतल्या नाहीत, त्या पाणी तापवायच्या बंबाला.

चाफ्याची एक फांदी मोडली. ती माझ्याच हातून, परांची सोडताना.

---

गंगावेशकर | 2 एप्रिल, रात्री 9:25

खिळे किती घावले ते सांग की.

---

पन्हळीखालचा | 2 एप्रिल, रात्री 9:40

पोरांनी 143 मोजले, तेवढी चॉकलेटं गेली. मग कळलं की त्यातले चाळीसेक मिस्त्रीच्या डब्यातले नवे होते.

तालमीच्या पोरांना रविवारी तांबडा-पांढरा रस्सा. आई म्हणते परसात जेवायला घालू, आडावरची फळी अजून काढलेली नाही, तिच्यावर पातेली राहतील.